गुरुवारचा पैरा

पैरा ही खरी शेतातली गोष्ट. आज तू माझ्या खाचरात रोपं लाव, उद्या मी तुझ्या खाचरात लावतो. आमच्या वसाहतीत शेत नाही. कोरियातल्या जॉन्जू शहराच्या कडेला लांबलचक व्हरांड्यांच्या जुन्या इमारती आहेत आणि त्या इमारतींत मुलं आहेत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळा मुलं आईबापांना परत करते, आणि आईबाप कामावर जाणारे असले की ती ठेवायची कुठं असा प्रश्न पडतो. म्हणून आमच्या मजल्यावरच्या आयांनी मुलांचा पैरा काढला. प्रत्येकीची आठवड्याची सुट्टी वेगळ्या वारी. सोमवारी सगळी मुलं युछानकडे, मंगळवारी नारेकडे, बुधवारी तेगॉनकडे. शुक्रवारी वाचनालयात मुलांसाठी गोष्टी असतात. मुलं गोष्टी ऐकतात आणि वाचनालयवाले मुलं सोसतात. गुरुवार ज्यांच्याकडे होता ते कुटुंब वसंतात बदली होऊन गेलं आणि गुरुवार बेवारस झाला.

माझ्या समोरच्या दारात प्यो राहतो. सत्तरी कधीच उलटली आहे. उभा जन्म त्यानं भिंतींना कागद चिकटवण्यात घालवला. या शहरातल्या निम्म्या भिंती त्यानं झाकल्या आणि उरलेल्या निम्म्या बघून अजून हळहळतो. गेल्या वर्षी त्याची मुलगी जिन्ह्वा घटस्फोट घेऊन माहेरी आली, सोबत तिची दुसरीतली लेक दाओन. जिन्ह्वा बसस्थानकात गाड्यांची वेळापत्रकं लावते. सगळ्या प्रांताच्या गाड्या वेळेवर सुटतात. ती स्वतः मात्र अंधार पडल्यावर घरी पोचते.

सुट्टी लागण्याच्या आदल्या रविवारी प्यो अंगात कोट चढवून, हातात पिवळ्या खरबुजांची पिशवी घेऊन युछानच्या घरी गेला. त्या उकाड्यात कोट पाहूनच त्या घराला कळलं असणार की काम गंभीर आहे. युछानची आई या पैऱ्याची पुढारी. तिचं स्वतःचं नाव काय हे मला ठाऊक नाही, तिच्या नवऱ्याला आठवत असलं तर आठवत असेल. ती विमा कंपनीत काम करते आणि कुठल्याही गोष्टीकडे, ही कुठून मोडेल, अशा नजरेनं बघते.

प्योनं दोन गोष्टी मागितल्या. दाओनला पैऱ्यात घ्या, आणि गुरुवार आम्हाला द्या.

दाओनला तिनं तिथल्या तिथं घेतलं. गुरुवारचं म्हणाली, "आजोबा, या उन्हात तुम्हाला कसं राबवायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील. गुरुवारचं आम्ही तिघी मिळून बघतो. तुम्ही आमचे सल्लागार व्हा."

आमच्या देशात माणसाकडून काम घ्यायचं नसतं आणि त्याला दारही दाखवता येत नसतं तेव्हा त्याला सल्लागार करतात. मी स्वतः दोन मंडळांचा सल्लागार आहे. दोन्ही मंडळं कुठं भरतात हे मला अजून कुणी कळवलेलं नाही. प्यो मात्र सरळ माणूस. तो खूश होऊन घरी आला आणि आपण गुरुवार न घेताच आलो हे त्याच्या लक्षात यायला जेवण होईपर्यंतचा वेळ गेला.

खरं कारण मला तेगॉनच्या आईनं लिफ्टमध्ये सांगितलं. ती रात्री कोंबडी तळण्याच्या दुकानात काम करते आणि दिवसा पोर सांभाळते. झोपते कधी, हे एक कोडंच आहे. बोलायला मोकळी.

"काका, माणूस सोन्यासारखा आहे हो. पण उद्या काही चुकलं तर वडीलधाऱ्या माणसाला बोलायचं कुणी? मी माझ्या सासऱ्यांना अजून त्यांच्या हातच्या कालवणात मीठ जास्त झालं म्हणून सांगू शकलेले नाही. वीस वर्षं खारट खातेय."

म्हणजे अडचण प्योच्या कर्तबगारीची नव्हती. आदराची होती. आदराला औषध नाही.

सुट्टी सुरू झाली. दाओन सोमवारी युछानकडे, मंगळवारी नारेकडे, बुधवारी तेगॉनकडे जाऊ लागली, आणि गुरुवारीही यांच्यापैकी कुणाकडे तरी. संध्याकाळी परत येताना तिच्या हातात डबा असे. घरात स्वयंपाक करणारं कुणी नाही हे तिन्ही आयांना ठाऊक होतं. त्यामुळं कधी सोयाच्या रसात आटवलेले बटाटे, कधी परतलेली बारीक सुकी मासळी, कधी मुळ्याची आंबट-तिखट किमची. डबा आला की तो परत करायचा, आणि रिकामा परत करायचा नाही. हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. जसं शिंक आली की तोंड वळवायचं असतं तसंच.

पहिले डबे प्योनं खरबुजाच्या फोडी भरून परत केले. खरबुजाबद्दल आभार म्हणून दुसऱ्या दिवशी मोठे डबे आले. मग त्यानं बाजारातून तांदळाची मिठाई आणून भरली. मिठाई महाग असते, म्हणून नारेच्या आईनं, जी मुंगीलाही आधी वाट देते, लाजून दोन डबे पाठवले. प्यो परतफेड करत गेला आणि त्याच्या अंगावरचं ओझं वाढत गेलं. शेवटी तो थांबला. स्वतः काही शिजवून भरावं तर त्याला स्वयंपाकातली एकच क्रिया येते, ती म्हणजे उकडणं. उकडलेलं काही तो त्या देखण्या डब्यांत घालायला धजेना.

डबे साठत गेले. आधी फ्रिजवर, मग कपडे धुण्याच्या यंत्रावर, मग जिथं त्याचे खळीचे ब्रश असतात त्या फळीवर. तिकडं तिन्ही घरांतले डबे संपले. पण डबे मागणार कोण? डबा मागणं म्हणजे त्यात काहीतरी घालून द्या असं म्हणणं, आणि तेही वयानं मोठ्या माणसाला. युछानच्या आईनं गुपचूप नवे डबे आणले. नारेची आई आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून भाजी पाठवू लागली. तेगॉनच्या आईनं एके दिवशी सरळ पातेलंच पाठवलं, वर प्लास्टिक ताणून. तेही पातेलं प्योच्या घरात राहिलं.

आणि एका बुधवारी दाओन घरी येऊन म्हणाली, "तेगॉन विचारतो, तुमचा वार कधी असतो?"

जिन्ह्वा तेव्हा नुकतीच कामावरून आली होती. तिनं त्या दिवसाचा डबा धुवून ठेवला. रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलली. मी माझ्या मिरच्या वाळत घालत होतो, त्यामुळं ऐकणं भाग होतं.

"बाबा, लिफ्टमध्ये युछानची आई भेटली की मी मोबाइलमध्ये बघते. त्यात काही नसतं."

प्यो म्हणाला, सगळ्या चांगल्या बायका आहेत.

"चांगल्या आहेत म्हणून तर. आपण नुसतं घेतोय. परत देऊ म्हटलं तर कुणी घेत नाही. असल्या पैऱ्यात असण्यापेक्षा नसलेलं बरं." तिनं एक चादर झटकली. "यॉसूच्या आई शनिवारी येतायत. दाओनला सुट्टीभर नेते म्हणाल्या."

यॉसूच्या आई म्हणजे यॉसू शहरात राहणारी तिची पूर्वीची सासू. समुद्रकाठी मोठं घर, मोठा आवाज.

"सुट्टीभरच ना?" प्यो म्हणाला.

"तिथल्या शाळेत पोहायचा तलाव आहे, हेही म्हणाल्या."

सुट्टीत शाळेच्या तलावाची चौकशी कुणी करत नाही. प्योच्या हातातला चिमटा वाजला. तो एवढंच म्हणाला, की गुरुवार मिळाला तर?

"मिळाला तर मी त्यांना नाही म्हणेन, तोंड वर करून. पण सल्लागाराच्या मुलीला कसलं तोंड, बाबा?"

दुपारी आम्ही वसाहतीच्या चौथऱ्यावर, झाडाखाली, बुद्धिबळाचा पट मांडला. झाडावर किडे अशा जोरानं ओरडत होते की 'शह' दोनदा म्हणावा लागे. प्योचं लक्ष नव्हतं. त्यानं मला एक हत्ती फुकट दिला. मी त्याला सल्ला दिला की मुलगी म्हणते तसं कर, लेकरू सुट्टीभर समुद्रावर राहील, रंग सावळा होईल, आणखी काय होणार आहे? त्यानं दुसराही हत्ती दिला. मग बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली.

"डबे त्यांचे आहेत ना?"

"त्यांचेच."

"आणि त्यांना मागता येत नाहीत."

"नाही येत."

"पण मीच म्हटलं, घेऊन जा, तर त्यांना नाही म्हणता येईल?"

मी विचार केला. वडीलधारा माणूस काही सांगतो आहे, आणि सांगतो आहे ते त्यांच्याच भल्याचं. नाही म्हणता येणार नाही, असं मी सांगितलं. त्यानं पट आवरला. तो हरत होता हे इथं नोंदवतो.

सोमवारी सकाळी प्यो लंगडायला लागला. माणसानं शिड्यांवर आयुष्य काढलं आहे. त्याचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. पण तो कचरा टाकायला जाताना लंगडला, टपाल काढताना लंगडला, आणि युछानची आई समोरून आली तेव्हा भिंत धरून थांबला. मंगळवारी पाय बदलला होता. मी खाकरलो, तर त्यानं चालता चालता पुन्हा आदल्या दिवशीचा पाय धरला.

बुधवारी त्यानं आयांच्या मोबाइलवरच्या गटात लिहिलं. सल्लागार झाल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द. आपले सर्व डबे माझ्याकडे राहिले आहेत, रिकामे देणं बरं नाही, उद्या भरतो, गुडघ्यामुळे घरोघरी येववत नाही, तरी गुरुवारी सकाळी मुलांना पाठवावे. खाली 'सल्लागार' अशी सही.

एरवी पाच मिनिटांच्या कामालाही या बायका पाच निरोप टाकतात, या वेळी अडल्या. दुखऱ्या गुडघ्याच्या म्हाताऱ्याला दारोदार डबे वाटत फिरवणं शक्य नव्हतं. स्वतः जाऊन आणणं म्हणजे वसुलीला गेल्यासारखं. मुलंच पाठवायला हवी होती. अखेर गुडघे टेकून नमस्कार करणारी तीन चित्रं आली.

त्या गुरुवारी मुलं तेगॉनच्या आईकडं होती. आदल्या रात्री सुट्टी असूनही तिला दुकानात जावं लागलं होतं, कुणाच्या तरी वाढदिवसाची टोळी बसली होती, त्यामुळं तिला उजाडेपर्यंत डोळा मिटता आला नव्हता. तिनं चारही मुलांना प्योच्या दारात सोडलं. प्यो म्हणाला, बटाटे अजून शिजायचेत, थांबू देत थोडी. ती म्हणाली, बरं, येतील मग. घरी जाऊन ती जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाली.

हवा यावी म्हणून आमची दारं उघडी असतात, फक्त डासांची जाळी ओढलेली. मला सगळं दिसत होतं. न बघायचं तर खुर्ची फिरवावी लागली असती.

प्योला मुलांशी बोलता येत नाही. त्याला कामगारांशी बोलता येतं. त्यामुळं तो त्यांच्याशी तसंच बोलला. आतल्या खोलीची भिंत उघडी होती. कारागिराच्या घरची भिंत, ती उघडीच असणार. त्यानं उरलेले कागद काढले. इस्पितळाचा हिरवा, लग्नाच्या सभागृहाचा सोनेरी, कुठल्याशा बालवाडीचा बदकांचा. खळ कालवली. युछानला, जो अंगठ्याएवढा डागही सहन करत नाही, खळीच्या बादलीवर बसवलं. नारे कुणाशी बोलत नाही, तिला कात्री दिली. तेगॉनला सांगितलं, "मधून हवा काढ, काठाकडं ढकल. घाई करू नकोस, भिंत कुठं पळून जात नाही." दाओन मुकादम. तिनं बदकं उलटी लावली. प्योनं ती पाहिली, मान तिरकी करून पुन्हा पाहिली, आणि पुढं गेला.

बटाटे शिजले, निवले, डब्यांत भरले गेले. झाकणं लागली. डबे दारात ओळीनं तयार होते. मुलांना कुणी जा म्हटलं नाही आणि मुलांनी कुणाला विचारलं नाही. दुपारी एका पातेल्यात पाकिटातले नूडल्स झाले. मुलं झाकणावर ओतून घेऊन खात होती. वास माझ्यापर्यंत आला आणि मी घरातला दलिया तसाच ठेवून दिला.

दोन वाजता युछानचा पडद्यावरचा इंग्रजीचा तास असतो. दोन वाजता युछान शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता.

शिक्षकानं त्याच्या आईला कचेरीत फोन केला. तिनं तेगॉनच्या आईला केला. तो वाजला, वाजला आणि थांबला. पुन्हा केला. तिला निघता येईना. समोर एक माणूस आपली जळालेली गाडी घेऊन बसला होता. कचेरी सुटल्यावर ती व्हरांड्यातून आली ती टाचांच्या आवाजासकट. तेगॉनचं दार तिनं दोनदा ठोठावलं. मग उजवीकडून मुलांचा आवाज ऐकला आणि प्योच्या जाळीसमोर उभी राहिली.

तिनं आधी वाकून नमस्कार केला. आजोबांना फार कष्ट पडले, असं म्हणाली. हे तोंडातून आपोआप येतं. मग तिला आत शिडी दिसली, शिडीवर मुलगा दिसला, आणि मुलाच्या केसांत काय आहे ते दिसलं.

"आजोबा, त्याला आधी खाली उतरवा."

प्योनं उतरवला.

"फोन का नाही केलात? दोनचा तास बुडाला त्याचा. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काय खाल्लं यांनी?"

"नूडल्स."

"पाकिटातले?"

"पाकिटातले," प्यो म्हणाला. "पण पातेलं मोठं होतं."

आमच्या भाषेत आदराचा एकही प्रत्यय न गाळता माणसाची साल काढता येते. तिनं ती काढली. शिडीवरून पडला असता तर काय, खळीत काय असतं, हात धुतले होते का, आणि सकाळी पाच मिनिटांसाठी पाठवलेली मुलं संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायची ही कुठली रीत. प्यो मान खाली घालून ऐकत होता. एवढ्यात नारेची आई कामावरून आली. तिनं नारेची वेणी हातात धरून पाहिली; ती काठीसारखी ताठ होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "हे पाण्यानं जातं की तेलानं?"

"कोमट पाण्यानं. गव्हाची खळ आहे. पोटात गेली तरी पचते."

"पोटात गेलीय?"

युछान आणि नारेनं तेगॉनकडं पाहिलं. मग तेगॉन म्हणाला, "थोडी."

नारेच्या आईनं आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, कमाल आहे तुमची." तिच्या मानानं ही मारामारी होती.

आवाजानं तेगॉनची आई जागी होऊन आली, गालावर उशीच्या सुरकुत्या घेऊन. युछानची आई तिच्याकडं वळली. "तू झोपली होतीस?"

"झोपले, ताई. मेल्यासारखी झोपले. काय सांगू, किती बरं वाटलं." मग तिनं आत डोकावून पाहिलं आणि प्योकडं बोट रोखलं. "आणि तुम्ही हो आजोबा, पोराला खळ चारता? घरी जेवायला बसवताना माझं निम्मं आयुष्य जातं!"

प्योनं मान आणखी खाली केली. मी खुर्ची जाळीजवळ घेतली होती, त्यामुळं मला त्याचा चेहरा दिसला. नोकरी लागल्याची बातमी ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा तो होता.

युछानची आई दमली नव्हती, पण आता ती कामाला लागली. एकेक बोट मोडत म्हणाली, "पुढच्या गुरुवारी दोनला याला पडद्यासमोर बसवायचं म्हणजे बसवायचं. जेवायला काय देणार ते आदल्या दिवशी गटात टाका. पाकीट चालणार नाही. आणि ती शिडी कुलपात."

"कुलूप नाहीये."

"मग घ्या."

"घेतो," प्यो म्हणाला.

ती थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिलाही कळलं असावं. ओठ एकदा हलले. पण युछानच्या आईनं ठरवलेली गोष्ट परत घेतल्याचं या मजल्यावर कुणाला आठवत नाही, आणि सुरुवात ती स्वतःपासून करणार नव्हती. तिनं वाकून आपले डबे उचलले, झाकणं बरोबर बसली आहेत का ते पाहिलं, एक झाकण बदललं, आणि युछानला पुढं घालून निघाली. त्याला भिंतीकडं वळून बघायचं होतं. तिनं त्याचं डोकं सरळ केलं आणि हात खळीला चिकटला.

जिन्ह्वा लिफ्टजवळ उभी होती. केव्हापासून, ठाऊक नाही. त्या तिघींना तिनं आळीपाळीनं नमस्कार केला आणि युछानच्या आईकडं सरळ बघून म्हणाली, "पुढच्या वेळी मी घड्याळ लावून ठेवते, ताई." युछानच्या आईनं मान हलवली, एक आई दुसरीकडं बघून हलवते तशी.

घरात आल्यावर जिन्ह्वानं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. यॉसूला फोन लावला.

"आई, शनिवारी या ना, जेवायलाच या. पण दाओन नाही येणार. नाही, सुट्टीत नाहीच जमायचं तिला. गुरुवारी आमच्याकडे मुलं असतात."

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. जिन्ह्वा मधूनमधून "हो" म्हणत होती, आणि तिच्या एकाही "हो"चा अर्थ हो असा नव्हता. प्यो मोरीत ब्रश धूत होता. त्यानं नळ बारीक केला. दाओन उलट्या बदकांखाली बसून कोपऱ्यातली हवा काढत होती.

जिन्ह्वानं फोन ठेवला. मग बापाकडं वळून, कमरेवर हात ठेवून, तिनं विचारलं, की मुलांना नूडल्स दिले ते दिले, पण घरात एवढी अंडी असताना त्यात एक फोडून घालायला काय झालं होतं.